घोरणाऱ्यांना डॉक्टर जे हवेचं मशीन देतात, ते खरंच हार्ट अटॅक टाळतं का?

१५ फेब्रुवारी २०२२. डिस्को किंग बप्पी लाहिरी यांचं मुंबईतल्या एका रुग्णालयात निधन झालं. वय होतं ६९. डॉक्टरांनी माध्यमांना जे कारण सांगितलं ते होतं ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया. घोरण्याशी संबंधित आजारानं माणूस दगावू शकतो, हे त्या दिवशी कित्येकांना पहिल्यांदा कळलं.

आपल्याकडे घोरणं हा चेष्टेचा विषय. लग्नघरात एका हॉलमध्ये झोपायची वेळ आली की सगळे त्या एका काकांपासून लांब गादी टाकतात आणि सकाळी चहासोबत त्यांच्या नकला होतात. पण काकांचं घोरणं मध्येच एकदम थांबतं, दहा-वीस सेकंद आवाजच येत नाही आणि मग मोठा उसासा टाकून गाडी पुन्हा सुरू होते, याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. खरी गडबड त्या शांततेत असते.

या आजारावरचा सगळ्यात जास्त दिला जाणारा उपचार म्हणजे सीपॅप. नाकावर मास्क, त्याला एक नळी आणि उशाशी हवा फेकणारं छोटं मशीन. "हे लावा, नाहीतर हृदयावर ताण येईल," असं अनेक पेशंटना सांगितलं जातं. गेली ४० वर्षं जगभरातले डॉक्टर हेच तपासतायत, की हे मशीन नक्की काय करतं आणि काय करत नाही. त्यातून आलेलं उत्तर भल्याभल्यांना बुचकळ्यात टाकणारं आहे.

आधी आजार समजून घेऊ

पेपरचा स्ट्रॉ घ्या. नवा असताना त्यातून ज्यूस आरामात येतो. थोड्या वेळानं तो भिजून मऊ पडतो आणि जोरात ओढलं की चपटा होऊन चिकटतो. जितकं जोरात ओढाल तितका जास्त चिकटतो.

झोपेत आपल्या घशाचं असंच होतं. जिभेमागचा भाग हाडांचा नाही, स्नायूंचा बनलेला आहे. जागेपणी हे स्नायू घसा उघडा ठेवतात. झोप लागली की ते सैल पडतात. मान जाड असेल, वजन जास्त असेल किंवा जबडा लहान असेल तर वाट आणखी अरुंद होते. हवा घासत जाते तेव्हा घोरण्याचा आवाज येतो. वाट पूर्ण बंद झाली की श्वास थांबतो. रक्तातला ऑक्सिजन खाली येतो, मेंदूत धोक्याची घंटा वाजते, माणूस क्षणभर जागा होतो, श्वास घेतो आणि परत झोपतो. सकाळी त्याला यातलं काही आठवत नाही.

श्वास निदान १० सेकंद थांबला की ती एक घटना धरतात. श्वास पूर्ण थांबणं आणि अर्धवट अडणं, दोन्ही मिळून तासाला किती वेळा होतं ते मोजतात. तासाला ५ ते १५ म्हणजे सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या वर तीव्र. तासाला ३० म्हणजे दर दोन मिनिटाला एकदा. अशा माणसानं आठ तास अंथरुणात काढले तरी दिवसा तो पेंगणारच.

हा आजार दुर्मिळही नाही. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातले डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या, नेहमीच्या तपासणीसाठी आलेल्या पुरुषांचा अभ्यास केला होता. २००४ साली तो प्रसिद्ध झाला. त्यांच्या अंदाजानुसार १९.५ टक्के पुरुषांचा श्वास झोपेत अडत होता, म्हणजे पाचातल्या एकाचा. श्वास अडतो आणि दिवसा झोपही येते, असे ७.५ टक्के होते.

व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरपासून सुरुवात

१९८० पर्यंत तीव्र आजारावर खात्रीचा उपाय एकच होता. गळ्याला पुढून भोक पाडायचं आणि अडणाऱ्या जागेच्या खालून श्वास घ्यायचा. साहजिकच लोक नको म्हणायचे.

ऑस्ट्रेलियातल्या सिडनीत रॉयल प्रिन्स आल्फ्रेड हॉस्पिटलमध्ये कॉलिन सुलिव्हान नावाचे डॉक्टर होते. त्यांच्याकडे जून १९८० मध्ये असाच एक पेशंट आला. गळ्याचं ऑपरेशन त्याला नको होतं, पण दुसरं काही करून बघायला तो तयार होता. सुलिव्हान यांनी व्हॅक्यूम क्लीनरची मोटर घेतली. ती हवा ओढण्याऐवजी बाहेर फेकेल अशी जोडली. पेशंटच्या नाकाच्या मापाचा मास्क बनवून तो नाकाला चिकटवला.

कल्पना साधी होती. स्ट्रॉ चपटा होतोय ना, मग आतून थोडी हवा भरून ठेवा, म्हणजे भिंती एकमेकींना चिकटणारच नाहीत. हवेचाच टेकू.

दाब वाढवला की श्वास सुरळीत, दाब कमी केला की श्वास परत अडायचा. सुलिव्हान यांनी हे पुन्हा पुन्हा करून पाहिलं. मग मशीन सुरू ठेवलं आणि पेशंट रात्रभर झोपला. सकाळी तो ताजातवाना होता. १९८१ मध्ये अशा पाच पेशंटवरचा अहवाल 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला आणि सीपॅपचा जन्म झाला.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. सीपॅप ऑक्सिजन देत नाही. ते खोलीतलीच हवा दाबाखाली सोडतं. हा दाब पाण्याच्या सेंटीमीटरमध्ये मोजतात. ग्लासात १० सेंटीमीटर पाणी घ्या, स्ट्रॉ तळाला टेकवा आणि बुडबुडा येईपर्यंत फुंका. तुम्ही फुंकरीत जो जोर लावला तो साधारण १० सेंटीमीटरचा दाब. सुलिव्हान यांच्या पाच पेशंटना ४.५ ते १० सेंटीमीटरमध्येच गुण आला होता. गळ्याचं ऑपरेशन इतक्या जोरानं टळलं.

पण पुरावा कुठे आहे?

पेशंट खूश, डॉक्टर खूश, मशीनं विकली जायला लागली. पुढची १५ वर्षं कुणी फार प्रश्न विचारले नाहीत. मग १९९७ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक आढावा छापून आला. ब्रिटनमधल्या संशोधकांनी तोवरचे सगळे अभ्यास चाळले आणि सांगितलं की सीपॅपच्या फायद्याचे ठोस पुरावे फारच कमी आहेत. झोपेच्या डॉक्टरांमध्ये खळबळ उडाली.

मुद्दा चुकीचा नव्हता. नव्या औषधाची चाचणी करताना अर्ध्या लोकांना खरी गोळी देतात, अर्ध्यांना तशीच दिसणारी खोटी. कुणाला काय द्यायचं ते नाणेफेक केल्यासारखं ठरवतात. मगच कळतं की गुण गोळीचा आहे की मनाचा. पण खोटं मशीन कसं बनवायचं?

ऑक्सफर्डच्या डॉक्टरांनी यावर तोड काढली. मशीन तेच, मास्क तोच, आवाज तोच. फक्त दाब इतका कमी की घसा उघडा राहणारच नाही. १०७ पुरुषांना त्यांनी दोन गटांत वाटलं आणि महिनाभर थांबले. निकाल १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला.

झोपाळूपणा मोजायला त्यांनी एपवर्थ स्केल वापरला. मेलबर्नचे डॉ. मरे जॉन्स यांनी १९९१ मध्ये बनवलेली ही आठ प्रश्नांची यादी आहे. वाचताना, टीव्ही बघताना, गाडीत बाजूला बसल्यावर, सिग्नलला थांबल्यावर डुलकी लागण्याची शक्यता किती? प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २४. दहाच्या वर गेलं तर डॉक्टरांकडे जायला हवं.

खऱ्या मशीनच्या गटाचा आकडा १५.५ वरून थेट ७ वर आला. खोट्या मशीनच्या गटाचा १५ वरून १३ वर. थोडा फरक मनाचा होता, पण खरा फरक हवेचा होता.

इथे एक गोष्ट पक्की झाली. दिवसा पेंगणाऱ्या पेशंटची झोप सीपॅप उडवतं. त्याबद्दल आज कुणालाही शंका नाही.

मग हृदयाचं काय?

२००५ मध्ये स्पेनमधून एक मोठा अभ्यास आला. डॉक्टरांनी दीड हजारांहून अधिक पुरुषांवर सरासरी दहा वर्षं लक्ष ठेवलं. ज्यांना तीव्र आजार होता पण उपचार घेतला नाही, त्यांच्यात हृदयविकार आणि पक्षाघातानं होणारे मृत्यू वर्षाला दर हजारी साधारण १० ते ११ होते. सीपॅप वापरणाऱ्यांमध्ये ३ ते ४. म्हणजे जवळपास निरोगी लोकांइतकेच.

आकडा जबरदस्त होता. "मशीन हृदय वाचवतं" हे वाक्य इथूनच दवाखान्यांत रूढ झालं.

पण एक मेख होती. इथे नाणेफेक झाली नव्हती. उपचार न घेणाऱ्या गटात मशीन नाकारलेले किंवा अर्ध्यात सोडलेले लोक होते. जो माणूस रोज रात्री कंटाळा न करता मास्क लावतो, तो बीपीची गोळीही वेळेवर घेतो, तपासणीलाही जातो, कदाचित सिगारेटही सोडतो. मग त्याला वाचवलं कुणी? मशीननं की स्वभावानं?

हे कळायला नाणेफेकीचीच चाचणी हवी होती. ती झाली, आणि तिच्यात भारतही होता.

२,७१७ लोक, ७ देश आणि अनपेक्षित निकाल

या चाचणीचं नाव 'सेव्ह'. ऑस्ट्रेलियाच्या डॉक्टरांनी तिचं नेतृत्व केलं. चीन, भारत, न्यूझीलंड, स्पेन, ब्राझील आणि अमेरिकेतली केंद्रं सामील झाली. ४५ ते ७५ वयाचे २,७१७ लोक घेतले. सगळ्यांना हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा किंवा मेंदूच्या रक्तपुरवठ्याचा आजार आधीच होता आणि सोबत मध्यम ते तीव्र स्लीप ॲप्निया. अर्ध्यांना नेहमीची औषधं, अर्ध्यांना नेहमीची औषधं आणि सीपॅप. सरासरी ३.७ वर्षं त्यांच्याकडे लक्ष ठेवलं गेलं.

२०१६ मध्ये निकाल आला. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, त्यातून मृत्यू किंवा अशाच कारणानं रुग्णालयात दाखल होणं, हे सगळं मिळून सीपॅपच्या गटात १७ टक्के लोकांना झालं आणि विनामशीन गटात १५.४ टक्के. हा फरक योगायोगानंही पडू शकतो इतका लहान, त्यामुळे मशीननं नुकसान केलं असंही म्हणता येत नाही. पण फायदा दिसला नाही हे नक्की.

सोबत हेही दिसलं की सीपॅपच्या गटाचं घोरणं कमी झालं, दिवसाची झोप कमी झाली, मूड सुधारला, कामावरच्या दांड्या कमी झाल्या.

स्वीडन आणि स्पेनमधल्या अशाच चाचण्यांतही सगळ्या लोकांचा मिळून हिशोब केला तेव्हा हृदयाला फायदा सिद्ध झाला नाही.

असं का झालं?

पहिलं कारण घड्याळात आहे. 'सेव्ह'मधल्या लोकांनी मशीन रात्री सरासरी ३.३ तास वापरलं. म्हणजे अर्ध्याहून जास्त झोप विनामशीन. त्यातही गोम अशी की आपली स्वप्नांची झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते. त्या झोपेत स्नायू सगळ्यात सैल पडतात, श्वास जास्त वेळ अडतो आणि ऑक्सिजन जास्त खाली जातो. अकराला मास्क लावून अडीचला काढून ठेवणारा माणूस पहाटेचे हेच तास उघड्यावर काढतो.

मास्क कमी वापरणं हे काही एकट्या 'सेव्ह'चं दुखणं नाही. १९९३ मध्ये अमेरिकेत ३५ पेशंटच्या मशीनमध्ये वापर मोजणारा मायक्रोप्रोसेसर बसवला होता. ६० टक्के लोक म्हणाले आम्ही रोज वापरतो. निदान ७० टक्के दिवस, निदान चार तास मशीन सुरू होतं असे निघाले फक्त ४६ टक्के. अमेरिकेच्या सरकारी विम्यात आजही 'चार तास, ७० टक्के रात्री' हाच निकष आहे.

दुसरं कारण निवडीत आहे. जो गाडी चालवताना झोपतो त्याला "नाणेफेकीत तुझा नंबर विनामशीन गटात आला, चार वर्षं असाच राहा" असं सांगता येत नाही. म्हणून एपवर्थ स्केलवर १५ च्या वर असलेले आणि ऑक्सिजन फारच खाली जाणारे लोक 'सेव्ह'मधून वगळले होते. ज्यांना फायदा होण्याची शक्यता सगळ्यात जास्त, तेच चाचणीत नव्हते. आणि जे होते त्यांना दिवसा फारशी झोप येत नसल्यामुळे मास्क लावायचं कारणच जाणवत नव्हतं.

चार तासांचं कोडं

२०२३ मध्ये संशोधकांनी तीन मोठ्या चाचण्यांमधल्या ४,१८६ लोकांची माहिती एकत्र केली. सगळ्यांचा मिळून फायदा शून्य. पण रात्री चार तास किंवा जास्त मशीन वापरणाऱ्यांना वेगळं काढलं, तर त्यांना पुन्हा हृदयविकार किंवा पक्षाघात होण्याचा धोका सुमारे ३१ टक्के कमी निघाला.

झालं, उत्तर मिळालं असं वाटतं ना? इथे १९८० सालची एक जुनी गोष्ट आठवावी लागते. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या पुरुषांवर अमेरिकेत एका औषधाची चाचणी झाली होती. त्यात खोटी गोळी घेणाऱ्यांचेही दोन भाग पाडले. ज्यांनी ती नियमित घेतली त्यांच्यातले पाच वर्षांत १५ टक्के दगावले. ज्यांनी टंगळमंगळ केली त्यांच्यातले २८ टक्के. गोळीत औषधच नव्हतं! म्हणजे नियमितपणे काहीही घेणारा माणूस मुळात वेगळा असतो.

म्हणून चार तासांचा आकडा आशादायक आहे, पण अंतिम पुरावा नाही.

जे सिद्ध आहे ते कमी नाही

बीपीचं घ्या. स्पेनमध्ये तीन किंवा जास्त गोळ्या घेऊनही बीपी आटोक्यात न येणाऱ्या १९४ लोकांवर चाचणी झाली. १२ आठवड्यांच्या सीपॅपनं २४ तासांचं सरासरी बीपी दुसऱ्या गटापेक्षा ३.१ नं जास्त उतरलं. गोळी बंद होईल इतकं हे नाही, पण ज्याचं बीपी हटवादी आहे त्याला मदत होते.

रस्त्याचं घ्या. अमेरिकेतल्या एका मोठ्या ट्रक कंपनीच्या ड्रायव्हरांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. स्लीप ॲप्निया असून दिलेलं मशीन कधीच न वापरणाऱ्या ड्रायव्हरांचे टाळता येण्याजोगे गंभीर अपघात सुमारे पाचपट होते. नियमित वापरणाऱ्यांचं प्रमाण आजार नसलेल्या ड्रायव्हरांइतकंच. इथेही स्वभावाचा प्रश्न उरतोच, पण मशीन झोप उडवतं हे आधीच सिद्ध असल्यामुळे हा निकाल पटण्यासारखा आहे. रात्रीची एसटी, ट्रॅव्हल्स किंवा टँकर चालवणाऱ्यासाठी हा मुद्दा हृदयापेक्षाही आधी येतो.

सगळी मशीनं सारखी नसतात

काहींचा घसा बंद होत नाही, मेंदूच श्वासाचा आदेश द्यायला विसरतो. हृदय कमजोर झालेल्यांमध्ये हे जास्त दिसतं. त्यासाठी श्वासागणिक दाब बदलणारं एएसव्ही नावाचं हुशार मशीन आलं. १,३२५ पेशंटवर त्याची चाचणी झाली आणि २०१५ मध्ये उलटाच निकाल आला. मशीनच्या गटात हृदयाशी संबंधित मृत्यू २९.९ टक्के, विनामशीन गटात २४ टक्के. ही चाचणी मशीन बनवणाऱ्या कंपनीनंच केली होती आणि तिनंच डॉक्टरांना सावध केलं.

हा आजार वेगळा आणि मशीनही वेगळं, त्यामुळे साध्या सीपॅपला तो निकाल लागू होत नाही. मात्र शेजाऱ्याचं मशीन उसनं आणून किंवा ऑनलाइन मागवून स्वतःच दाब लावून घेऊ नये, हे यातून कळतं. आजार कोणता, हे झोपेची तपासणी केल्याशिवाय समजत नाही.

आता वजन कमी करणारी इंजेक्शनंही या मैदानात उतरली आहेत. २०२४ मधल्या चाचणीत टिर्झेपेटाइड घेणाऱ्या लठ्ठ पेशंटमध्ये तासाला श्वास अडण्याच्या घटना, ज्या ५० च्या आसपास होत्या, त्या वर्षभरात सरासरी २५ नं कमी झाल्या. खोट्या इंजेक्शनच्या गटात सुमारे ५ नं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेनं या आजारासाठी त्याला मंजुरी दिली. पण ५० मधून २५ गेले तरी २५ उरतात, म्हणजे कित्येकांना मशीनची गरज राहणारच.

मग घरात मशीन असेल तर काय करायचं?

दिवसा झोप येत असेल, गाडी चालवताना डोळे मिटत असतील, सकाळी डोकं जड होत असेल, तर सीपॅप काम करतं आणि ते पहिल्या काही आठवड्यांतच जाणवतं. बीपी गोळ्यांना दाद देत नसेल तर थोडी मदत मिळू शकते. पण "मशीन लावलं, आता अटॅक येणार नाही" म्हणून रक्त पातळ करायची, बीपीची किंवा कोलेस्टेरॉलची गोळी सोडली तर ते महागात पडेल. ती हमी कुठल्याही चाचणीनं दिलेली नाही.

आणि मशीन कपाटात पडून असेल तर कारण शोधा. मास्कमधून हवा गळते का, नाक कोरडं पडतं का, तोंड उघडं राहतं का, वीज गेली की मशीन बंद पडून झोपमोड होते का. मास्कचं माप बदलणं, हवा दमट करणारं उपकरण जोडणं, दाब पुन्हा ठरवून घेणं हे सगळं होऊ शकतं. आजकालची बहुतेक मशीनं रात्री किती तास वापर झाला ते नोंदवून ठेवतात. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना तो आकडा सोबत न्या, आणि घरातल्या कुणाला तरी विचारा की पहाटे चार वाजता मास्क नाकावर असतो की उशीखाली.